गिरणीच्या शेडमधलं गाणं: उभं कुठं राहायचं, निघायचं कधी

मुंबईत लोअर परळ किंवा महालक्ष्मीच्या गिरणी आवारात बँड ऐकून आलेल्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, गाणाऱ्याचा शब्द कळला नाही. दोन, सकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. दोन्हीचं खापर साउंडवाल्यावर फुटतं. त्याचाही दोष असतो कधी कधी, पण बराचसा दोष इमारतीचा असतो, आणि उरलेला आपण जिथं उभे राहिलो त्या जागेचा. इमारत बदलणं आपल्या हातात नाही. जागा मात्र बदलता येते, आणि तिकिटाचे पैसे वसूल होणार की नाही हे बहुतेक वेळा त्यावरच ठरतं.

आधी ही शेड म्हणजे काय प्रकरण आहे ते पाहू. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये ताडदेवला स्थापन झाली आणि १८५६ मध्ये तिच्यातून सूत निघायला लागलं. पुढं गिरणगाव पसरत गेलं तसा इमारतींचा एक साचा ठरला. सूतकताई बहुमजली इमारतीत, आणि विणकाम जमिनीवरच्या एकमजली शेडमध्ये, कारण शेकडो माग एका लयीत हादरत असताना ते वरच्या मजल्यावर ठेवणं धोक्याचं. शेडचं छत करवतीच्या दातांसारखं. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला, म्हणजे थेट ऊन आत येत नाही, पण दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि तुटलेला धागा दिसतो. त्याखाली ओतीव लोखंडाच्या खांबांच्या रांगा, आणि या पद्धतीच्या शेडमध्ये ते खांब बऱ्याचदा पोकळ असत, दोन दातांमधल्या पन्हळीत साचलेलं पावसाचं पाणी त्यातूनच खाली जाई. भिंती विटांच्या, जमीन टणक, छताला पत्रा आणि काच.

या यादीत आवाज पिऊन टाकणारी एकही वस्तू नाही. तशी गरजही कुणाला वाटली नव्हती. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, आवाज इतका असे की शेजारच्या मागावरच्या माणसाशी हातवारे करूनच बोलावं लागे. अशा ठिकाणी आपण शंभर वर्षांनी जाऊन अपेक्षा करतो की ब्रशनं वाजवलेला ड्रम स्पष्ट ऐकू यावा.

१८ जानेवारी १९८२ चा गिरणी कामगारांचा संप, त्यानंतरची वर्षं आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला गिरण्यांच्या जमिनींबद्दलचा ५८ वा नियम यांबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. इथं एवढंच सांगायचं की बहुतेक गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले, पण काही आवारांत शेड आणि गोदामं तशीच उभी राहिली आणि भाड्यानं जात राहिली. छत उंच, मधे भिंती नाहीत, आत ट्रक येऊ शकतो, आणि रात्री आसपासची कार्यालयं बंद. संगीताचा धंदा करणाऱ्याला आणखी काय हवं?

मथुरादास मिलच्या आवारात, म्हणजे ज्याला टॅक्सीवाले तोडी मिल म्हणतात तिथं, २००७ मध्ये ब्लू फ्रॉग हे संगीताचं क्लब सुरू झालं. ते सुरू करणाऱ्यांत आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे दोघं संगीतकार होते, आणि ते जागेत जाणवायचं. जुन्या गोदामात सेरी आर्किटेक्ट्सनं वेगवेगळ्या उंचीचे गोल कोनाडे बसवले होते, स्टेजपासून मागं चढत जाणारे. दिसायला ते झकपक होतंच, पण त्याचा एक फायदा फारसा कुणी बोलून दाखवला नाही. गोल कडा आणि चढउतार यांमुळं आवाज एका सपाट भिंतीवर आपटून सरळ परत येत नाही, फुटतो, आणि गादीची आसनं त्यातला थोडा पिऊन टाकतात. २०१६ मध्ये ते बंद झालं. पुढं त्याच आवारात अँटीसोशल आलं, आणि ते बरोबर उलट धाटणीचं आहे: उभं राहून ऐकायचं, अंधार, जोरदार बास. महालक्ष्मीला शक्ती मिल गल्लीतल्या लक्ष्मी मिल इस्टेटमध्ये जी-५-ए हे कलाकेंद्र आहे, तिथं गोदामाचा ब्लॅक बॉक्स केलाय, म्हणजे खुर्च्या हलवता येतात, भिंती काळ्या, आणि प्रेक्षक ऐकायला आलेला असतो. ज्यांना गप्पा मारायच्यात ते तिथं फिरकत नाहीत, आणि शांत संगीतासाठी गिरणी भागात पहिली पसंती म्हणून आम्ही हीच जागा सुचवू.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

आवाज थांबल्यावर तो मूळच्या दहालाखाव्या हिश्श्यापर्यंत विरायला जितका वेळ लागतो तो त्या जागेचा निनादकाल. तो काढायचं सूत्र सोपं आहे: जागेचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, ०.१६१ नं गुणायचं आणि एकूण शोषणानं भागायचं. ३० मीटर लांब, १५ मीटर रुंद, ७ मीटर उंच अशी मध्यम शेड धरा. घनफळ ३१५० घनमीटर. जमीन, छत आणि भिंती मिळून पृष्ठभाग साधारण १५३० चौरस मीटर. वीट, सिमेंट, काच यांचं शोषण सरासरी पाच टक्के धरलं तर एकूण ७६ च्या आसपास. उत्तर येतं साडेसहा सेकंद. एवढा निनाद कीर्तनालाही जड, मग ड्रमचं काय! चांगल्या रॉक-पॉप हॉलमध्ये या आकाराला सेकंदभराच्या आसपास निनाद अपेक्षित असतो.

मग लोक येतात. उभा माणूस मधल्या पट्टीच्या आवाजाला अंदाजे अर्धा चौरस मीटर शोषण देतो. पाचशे माणसं आली की २५० ची भर पडते आणि निनाद दीड सेकंदावर उतरतो. म्हणजे त्या हॉलमधलं सगळ्यात मोठं ध्वनिशोषक साहित्य म्हणजे प्रेक्षकच. पण मेख अशी की खालच्या पट्टीत, समजा १२५ हर्ट्झला, तोच माणूस जेमतेम ०.१५ शोषतो. तिथं पाचशे माणसं आली तरी निनाद सव्वातीन सेकंदांच्या वरच राहतो. गर्दी झाल्यावर शब्द सुधारतात आणि बास मात्र लोळतच राहतो, याचं कारण हे. वर भिंतींना रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचे, दोनशे चौरस मीटर पॅनल लावले तर मधली पट्टी एका सेकंदावर येते, पण पॅनल दोन इंची असतील तर खालची पट्टी अडीच सेकंदांवर अडते. त्यासाठी जाड पॅनल हवेत आणि त्यांच्यामागं भिंतीपासून पोकळी हवी, आणि जागा भाड्याची असेल तर मालक दर चौरस फुटाचा हिशोब करतो, त्यामुळं ती पोकळी पहिली कापली जाते. पत्र्याचं छत थरथरून थोडा बास बाहेर सोडतं, त्यामुळं प्रत्यक्ष आकडे थोडे कमी भरतील. पण तो बाहेर गेलेला बास शेजारच्या टॉवरमधल्या तेविसाव्या मजल्यावर पोचतो, हेही खरं.

यातून पहिला व्यवहारी नियम निघतो: पहिल्या गाण्यावरून साउंडचं माप काढू नका. साउंडचेक दुपारी चारला रिकाम्या शेडमध्ये झालेला असतो, साडेसहा सेकंदांच्या निनादात. गर्दी भरल्यावर खोलीच बदलते. मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज जुळवायच्या यंत्रावर, बसलेला माणूस पहिल्या दोन-तीन गाण्यांत सगळं पुन्हा जुळवतो. तिसऱ्या गाण्यानंतरही शब्द कळत नसतील तर मग त्याला दोष द्यायला हरकत नाही, किंवा सरळ जागा बदलावी.

जागा कुठली? मिक्सर शोधा. तो बहुधा हॉलच्या मध्यरेषेवर, स्टेजपासून दोन-तृतीयांश अंतरावर असतो. साउंडवाला तिथं बसून जे ऐकतो त्यावरच सगळं ठरवतो, म्हणून त्याच्यापुढं तीन-चार मीटरवर जो आवाज मिळतो तो बहुतेक वेळा सगळ्यात खरा. मात्र अगदी मध्यरेषेवर एक गोम असते. सबवूफर, म्हणजे बासचे मोठे स्पीकर, स्टेजच्या दोन्ही कडांना ठेवले असतील तर मधोमध दोघांचा बास एकाच क्षणी पोचतो आणि दुप्पट होतो, आणि जरा बाजूला सरकलं की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. बेस गिटारचा एखादाच सूर अंगावर येतोय असं वाटलं तर मीटर-दीड मीटर बाजूला व्हा. फरक लगेच कळतो.

खांबामागं उभं राहू नका. दिसत नाही हे तर झालंच, पण वीस सेंटीमीटर जाडीचा खांब साधारण १७०० हर्ट्झच्या वरच्या आवाजाला आडवा येतो. शब्दांमधले स, श, त, क आणि झांजांची किणकिण तिथंच राहते. बास वळसा घालून पोचतो, त्यामुळं आवाज कमी वाटत नाही, नुसता गढूळ वाटतो, आणि कारण लक्षात येत नाही. कोपरे टाळा, तिथं बास साठतो. माळ्याखाली उभं राहिलं तर वरचे सूर अडतात. बारजवळ बर्फ आणि पेयं घुसळायच्या मिक्सरचा खडखडाट. सगळ्यात पुढच्या रांगेत तर वेगळीच गंमत: ड्रम आणि गिटारचा ॲम्प्लिफायर थेट अंगावर, आणि गायकाचा आवाज देणारे स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागच्यांसाठी जातायत. पुढं गेलं म्हणजे जास्त छान ऐकू येतं हा समज पेटी-तबल्याच्या बैठकीत खरा असेल, इथं नाही. चेहरे पाहायचे असतील तर पुढं, गाणं ऐकायचं असेल तर मिक्सरपुढं.

प्रतिध्वनीसाठी १७.२ मीटर अंतर लागतं हे नववीच्या विज्ञानात सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ३० मीटरच्या शेडमध्ये स्टेजवरून निघालेला टिपेचा ठोका मागच्या भिंतीवर आपटून वादकाकडं परत यायला ६० मीटर जातो, म्हणजे सेकंदाचा जवळजवळ सहावा भाग. ड्रमर स्वतःचाच ठोका उशिरा ऐकतो आणि लय ओढली जाते. मागच्या भिंतीला जाड, चुण्यांचा मखमली पडदा असेल तर मालकाला या गोष्टीची जाण आहे असं समजा. आत शिरल्यावर वळून मागची भिंत बघायची सवय लावा, त्या हॉलबद्दल एवढी चटकन माहिती दुसरं काहीच देत नाही.

ध्वनिशोषणाच्या नावाखाली काय लावलंय हेही बघा, आणि हे कानांसाठी नाही, जिवासाठी. अंड्यांचे ट्रे लावले असतील तर हसून सोडून द्या, त्यांनी फारसा आवाज शोषला जात नाही. पण उघडा, डोंगर-दरीच्या आकाराचा पॉलियुरेथेन फोम छतापर्यंत चिकटवला असेल आणि स्टेजवर आतषबाजी होणार असेल तर तिथं थांबू नका. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एका क्लबात नेमकं हेच झालं: स्टेजवरच्या फटाक्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि शंभर माणसं गेली. आपल्याकडं कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. त्यातले कित्येक जण बाहेर पडायच्या वाटेऐवजी स्वच्छतागृहाकडं धावले आणि तिथं गुदमरले. म्हणून पहिला पेला हातात घ्यायच्या आधी दुसरं दार शोधा. गिरणीच्या शेडला मूळची दारं पुष्कळ असतात, पण नव्या भाडेकरूनं त्यातली निम्मी बंद करून त्यापुढं खुर्च्यांची चळत किंवा बिअरचे क्रेट रचलेले असू शकतात. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, कडी-कुलूप आहे का, वाट अंधारात दिसेल का. दोन मिनिटांचं काम आहे.

शेडमध्ये एसी पुरत नाही ही तक्रारही गणिताची. नाचणारा माणूस साधारण दोनशे वॅट उष्णता टाकतो, पाचशे माणसं म्हणजे शंभर किलोवॅट, म्हणजे नुसती माणसं थंड ठेवायला २८ टनांचा एसी. वर दिवे, ॲम्प्लिफायर आणि दिवसभर तापलेला पत्रा. मे महिन्यात सुती कपडे घाला आणि पाणी विकत घ्यायची तयारी ठेवा. वादकांचे हाल वेगळे. तबल्याच्या पुडीला दमट हवेत ढिलाई येते आणि एसीच्या कोरड्या झोतात ती चढते. मोकळ्या आवारातून वाद्य आत आणून लगेच वाजवायला बसलं तर पहिला अर्धा तास हातोडीतच जातो. चांगले तबलजी म्हणून वाद्य तासभर आधी स्टेजवर ठेवून देतात आणि एसीचा झोत कुठं पडतो ते आधी विचारतात. शेडमध्ये शास्त्रीय मैफल ठेवणाऱ्यांनी आणखी एक करावं: डग्ग्याच्या माइकमधून येणारी खालची पट्टी मिक्सरवर निर्दयपणे कापावी. घुमायचं काम खोली फुकटात करते.

मधूनच एक संथ घरघर ऐकू येते, तीही या जागांची खासियत. दिव्यांचे डिमर आणि साउंड एकाच फेजवर घेतले, किंवा दोन उपकरणांचं अर्थिंग दोन ठिकाणी झालं, की ५० आणि १०० हर्ट्झची घरघर स्पीकरमध्ये शिरते. दिवे मंद झाल्यावर ती वाढत असेल तर दोष डिमरचा. ते प्रयोगाच्या मधे दुरुस्त होत नाही, त्यामुळं ओरडून उपयोग नाही.

कानांचं मात्र मनावर घ्या. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतली नायॉश ही संस्था जो हिशोब वापरते तो असा: ८५ डेसिबल आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. स्पीकरजवळ १०० सहज असतात आणि कार्यक्रम दीड तासाचा. कापसाचे बोळे नावापुरतेच. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात, पण लोक ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात. बोटांत लाटून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. फोम वरचे सूर जास्त खातो, म्हणून नेहमी जाणाऱ्यांनी फिल्टरवाले, पंधरा-वीस डेसिबल सारखेच कमी करणारे प्लग घ्यावेत. गंमत म्हणजे निनादाच्या शेडमध्ये प्लग लावल्यावर शब्द कधी कधी जास्त कळतात.

तिकीट आणि कव्हर यांत फरक आहे, तो आधी वाचा. कव्हर चार्ज खाण्यापिण्यात वळता होतो, तिकीट होत नाही. ओळखपत्र सरकारी हवं. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ आणि बिअरसाठी २१, आणि दारावर कधी त्याहून वेगळा नियम लावलेला असतो. 'आठ वाजता' असं लिहिलं असेल तर ती दार उघडायची वेळ, मुख्य बँड बहुधा त्यानंतर तासा-दीड तासानं. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. वर्षातले ठरावीक दिवस सोडले तर आवारातला किंवा गच्चीवरचा कार्यक्रम त्याच्या आत संपतो, बंद शेडमधला पुढं चालू शकतो.

पावसाळ्यात पत्र्याच्या छताखाली जायचं तर दणदणीत बँड निवडा. जुलैमध्ये सर कोसळायला लागली की एकट्या गिटारचं काही खरं नाही. शांत कार्यक्रम दिवाळीनंतर.

पोचायचं कसं: मथुरादास मिलच्या पत्त्यात कुठं ना. म. जोशी मार्ग लिहिलेला असतो, कुठं सेनापती बापट मार्ग. टॅक्सीवाल्याला सेनापती बापट मार्गावर कमला मिलसमोर सोडायला सांगितलं की शोधाशोध वाचते. पश्चिम रेल्वेचं लोअर परळ आणि मध्य रेल्वेचं करी रोड दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर, पण दोन्हीकडं फक्त धिम्या गाड्या थांबतात. महालक्ष्मीचंही तेच. मेट्रो-३ जाताना सोयीची, परतताना तिच्या भरवशावर राहू नका. चर्चगेटहून शेवटची बोरिवली लोकल रात्री एकच्या सुमाराला सुटते. मध्य रेल्वेच्या कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या त्याच्या बऱ्याच आधी, बाराच्या पुढेमागे, आणि ज्यांना ठाण्यापलीकडं जायचंय त्यांनी निघताना मोबाइलवर वेळ पाहून घ्यावी. शेवटच्या गाण्याला सगळी गर्दी एकदम बाहेर पडते आणि आवाराचं फाटक अरुंद असतं, तेव्हा गाडीची वेळ जवळ असेल तर 'वन्स मोअर'चा मोह सोडून दहा मिनिटं आधी निघा. त्या वेळी फाटकावर टॅक्सी मागितलेल्या भाड्यालाच मिळते, मीटरनं नाही. रस्ता ओलांडून पन्नास पावलं पुढं गेलं की तोच टॅक्सीवाला मीटर टाकतो.